मुक्काम पोस्ट वेळास, तालुका मंडणगड

मुलांनो, समजा तुमच्याकडे एकदम भरपूर पैसे आले, तर तुम्ही काय विकत घ्याल? सायकल? क्रिकेटचं अख्खं किट? माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकाने हात वर करून सांगितलं, "एसटी!" अख्खी एसटी, म्हणजे बसायला जागा नक्की मिळणार. (मंडणगड स्टँडवरून संध्याकाळच्या गाडीने घरी जाणाऱ्यांना त्याचं म्हणणं पटेल.)

आता एक गंमत ऐका. ब्रेंडन ग्रिमशॉ नावाच्या एका इंग्रज पत्रकाराने १९६२ साली चक्क एक बेट विकत घेतले! आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात सेशेल्स नावाचा बेटांचा देश आहे. त्यातले हे मॉयेन बेट. किंमत ८००० पौंड आणि क्षेत्र सुमारे २४ एकर. आपल्याकडच्या मोठ्या आंबा बागायतदाराची कलमं असतात ना, साधारण तेवढीच जागा. बेटावर कित्येक वर्षांत कुणी राहिलेले नव्हते. झाडोरा एवढा माजला होता की झाडावरून सुटलेला नारळ जमिनीपर्यंत पोचायचाच नाही, असे ते सांगत.

ग्रिमशॉ आणि त्यांचा तिथलाच सोबती रेने लाफोर्त्यून, अशा दोघांनी मिळून ते रान साफ केले, पायवाटा पाडल्या आणि तब्बल १६,००० झाडे लावली. पक्षी परत आले. भली मोठी, पाठीवर मूल बसेल एवढी जमिनीवरची कासवे आणून त्यांनी जपली, वाढवली. या बेटासाठी प्रचंड पैसा देऊ करणारे लोकही आले. ग्रिमशॉ नाही म्हणाले. २००८ साली ते बेट राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१२ साली ग्रिमशॉ वारले. त्यांची कबरही तिथेच आहे.

गोष्ट संपली तशी पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आपल्याकडं नाय असं बेट?"

बेटं आहेत की! हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आहे, पलीकडे रायगड जिल्ह्यात जंजिरा आहे. पण ते किल्ले. प्राण्यांसाठी राखलेली जागा, आणि तिथे आपण पाहुणे म्हणून जाऊन राहायचं, असं काही? मग मला आपल्याच तालुक्यातलं वेळास आठवलं. ते बेट नाही. कुणा एकाच्या मालकीचंही नाही. पण दरवर्षी समुद्रातून काही पाहुण्या तिथे अंडी घालायला येतात, आणि सगळं गाव त्यांच्या अंड्यांवर पहारा देतं. मी वर्गात ऑलिव्ह रिडले कासवांची माहिती सांगायला लागले.

तेवढ्यात एक मुलगा मोठ्या उत्साहाने उठून म्हणाला, "बाई, आमचे आजोबा काढायचे की कासवाची अंडी! टोपलीभर!" तो किनाऱ्याजवळच्या वाडीतला. त्याला वाटलं, चला, आपल्याला माहीत असलेलं काहीतरी वर्गात निघालं. पण मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अंडीचोर!" आणि सगळा वर्ग हसला.

मी काय केलं? "शांत बसा," म्हटलं आणि गणिताचं पुस्तक काढायला सांगितलं. चुकलंच माझं. पुढे आठवडाभर त्याला तेच नाव पडलं. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी, घरी जाताना, सगळीकडे 'अंडीचोर'. आम्ही वेळासच्या सहलीची यादी केली, तेव्हा त्याने आपलं नाव खोडून टाकलं. मग मात्र मी त्याच्या घरी गेले. आजोबा ओटीवर सुंभ वळत बसले होते. मी चाचरत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "खरं हाय ते. काढलीत मी अंडी. तवा समदीच काढायची. न्या त्याला, बघू दे."

तर मार्चमधल्या एका शनिवारी चौदा मुले, दोन पालक, मी आणि आमच्या शाळेतले दुसरे गुरुजी असे आम्ही एसटीत बसलो. मंडणगडहून देव्हारे, मग वेसवी, मग बाणकोट. वेसवीला पोचलात की उजव्या हाताला सावित्रीची खाडी दिसते. पलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेणारी फेरीबोट बघून मुलं खिडक्यांना लटकली. बाणकोटचा हिम्मतगड डोंगरावर आहे. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो घेतला आणि त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' नाव दिलं. त्याच्या पुढचं गाव वेळास. इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीस वाचलेत ना? त्यांच्या भानू घराण्याचं हे मूळ गाव. गावात त्यांचं स्मारक आहे.

मुक्काम कुठे? एका घरात! वेळासमध्ये कासवं बघायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. आम्ही उतरलो ते घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, मागे पोफळी. घरच्या काकूंनी सगळ्या मुलांना आधी पाय धुवायला लावले. मग तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कोवळ्या फणसाची भाजी आणि सोलकढी. आमच्या मुलांच्या घरीही हेच असतं. तरी मुलं अशी जेवली की जणू कधी पाहिलंच नव्हतं! गुरुजींनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी सांगणार नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. वाळूत एका बाजूला जाळीचं कुंपण. आत ओळीने उपड्या ठेवलेल्या टोपल्या, आणि प्रत्येक टोपलीपाशी एक पाटी. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. प्रत्येक टोपलीखाली, वाळूत साधारण दीड फूट खोल, एका कासविणीची अंडी. टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, आणि एका घरट्यात शंभराच्या आसपास.

दररोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी टोपल्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर त्यांना समुद्राकडे सोडायचं. आम्ही श्वास रोखून उभे. शहरातून आलेले पन्नाससाठ पाहुणेही होते. पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी, चौथी... एकही पिल्लू नाही!

मुलांचे चेहरे पडले. एक गृहस्थ तर चिडलेच. "एवढे पैसे भरून, रात्रभर प्रवास करून आलो आणि तुम्ही म्हणता काही नाही? एखादं घरटं उकरून दाखवा ना!" टोपल्या उचलणारे कासवमित्र साठीच्या पुढचे, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या हातात नाय वो ते. त्यांचं त्यांनी यायचं असतं."

खरंच आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर लवकर, थंडी असेल तर उशिरा. अमुक तारखेला अमुक वाजता असं कुणालाच सांगता येत नाही.

पाहुणे पांगले. आमची मुलं मात्र त्या कासवमित्र काकांभोवती कोंडाळं करून वाळूत बसली. कुणीतरी विचारलं, "काका, घरटं सापडतं कसं?" आणि काका सांगायला लागले. मादी रात्री समुद्रातून वर येते. पाय वल्ह्यांसारखे, म्हणून चालता येत नाही, सरपटते. भरतीची रेघ ओलांडून वर येते, मागच्या पायांनी माठासारखा खड्डा करते, अंडी घालते, वाळू ओढते आणि अंगाने धपाधप धोपटून वाळू दाबते. मग परत जाते. पिल्लांचं तोंड बघायला काही थांबत नाही. मागे राहतो तो वाळूतला माग.

"तो माग पहाटे उजाडायच्या आत बघायला लागतो," काका म्हणाले. "नायतर कुत्री, कोल्ही आधी पोचतात. येतानाचा माग येगळा, जातानाचा येगळा. मधी जिथं वाळू इस्कटलेली, तिथं हात घालायचा. वायच भुसभुशीत लागली की समजायचं, हितं हाय."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

काका हसले. "शिकवतंय कोन? मी अंडी काढायचो. लहानपनापासनं. आमचा बा काढायचा, मी बी काढायचो. खायचो, इकायचो. जो काढायचा त्यालाच ठावं, घरटं कुटं असतं. म्हनून तर आमाला बोलावलं या कामाला."

मी आमच्या त्या मुलाकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. पण मागच्या बाकावरचा जो होता ना, त्याने वाळूत बोटाने रेघा ओढायला सुरुवात केली होती, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मुलांनो, हे काम सुरू कसं झालं तेही सांगते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची घरटी मोजत किनाऱ्याने हिंडत होते. वेळासला त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, ही कासवाची, आणि इथे आलेलं जवळपास प्रत्येक घरटं माणसं तरी नेतात नाहीतर कुत्री तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही कासवं संरक्षित आहेत. म्हणजे पोलिसांना, वनखात्याला सांगून लोकांना पकडता आलं असतं. तसं न करता त्यांनी गावाशी बोलणं केलं. अंडी काढणाऱ्यांनाच राखणीला घेतलं. घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, वरखाली न उलटता, थोड्याच तासांत कुंपणाच्या आत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. पहिल्याच हंगामात अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली.

पण गावाने तरी हे किती दिवस नुसत्या चांगुलपणावर करायचं? पोटाला लागतंच ना. मग काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले आणि घराघरांतून त्यांची राहण्याजेवण्याची सोय झाली. आमच्या काकू सांगत होत्या, या तीन-चार महिन्यांत जे पैसे येतात त्यातून त्यांनी घराची कौलं बदलली. मला ही गोष्ट ग्रिमशॉसाहेबांच्या गोष्टीपेक्षा अवघड वाटते. त्यांना नाही म्हणायचं तर ते एकटे म्हणू शकत होते. इथे सगळ्या गावाला दरवर्षी मिळून हो म्हणावं लागतं. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्षही या कामात आला, आणि आता रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर अशी कुंपणं दिसतात.

रात्री ओटीवर गोधड्या अंथरून मुलं झोपली. झोपली म्हणजे काय, अकरा वाजेपर्यंत कुजबूज चाललीच होती. किनाऱ्यावर जायचं नाही, बॅटरी घेऊन तर मुळीच नाही, असं बजावलं होतं. दिवे दिसले की वर यायला निघालेली मादी तशीच माघारी फिरते.

पहाटे साडेपाचला मला जाग आली ती कुणीतरी पायाला हात लावला म्हणून. तोच मुलगा! अंघोळ करून, भांग पाडून तयार. "बाई, चला ना."

सकाळी थंडी होती. पाहुणे रात्रीपेक्षा कमी, ते चिडलेले गृहस्थ मात्र आले होते. पहिली टोपली. रिकामी. दुसरी. रिकामी. काकांनी तिसरी उचलली आणि ते नुसते बाजूला झाले.

आधी वाटलं, वाळूच हलतेय. मग एक काळं, इवलंसं डोकं. मग दुसरं. आपल्या तळहातावर मावतील एवढी, राखाडी-काळी पिल्लं, एकमेकांच्या पाठीवर चढून वर येत होती. मोठं झाल्यावर त्यांची पाठ जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट होते, म्हणून ते नाव. मुलांनी मोजली. सतरा!

काकांनी ती टोपलीत घेतली आणि पाण्यापासून बरीच अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवली. "पाण्यात का नाही सोडत?" असं आमच्यातल्या एकीने विचारलंच. त्यांनी स्वतः चालत जायला हवं. हा किनारा कोणता, हे त्या पहिल्या प्रवासात कुठेतरी त्यांच्यात नोंदलं जातं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कारण दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या झालेल्या माद्या आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडेच परततात. समुद्रात पृथ्वीच्या चुंबकत्वावरून त्या दिशा ओळखतात.

पिल्लं निघाली. काही सरळ, काही वाकडी. एक उलटं फिरून आमच्याकडेच यायला लागलं. त्याला उचलायला चार हात पुढे झाले, तशी काका ओरडले, "हात नको!" मग ते पिल्लू आपणच थांबलं, मान वर केली आणि वळलं. ते गृहस्थ वाळूत चक्क गुडघ्यांवर बसून बघत होते. पहिली लाट आली आणि निम्म्या पिल्लांना उचलून परत मागे फेकून गेली. मुलं "अरेरे!" म्हणाली. दुसऱ्या लाटेत गेली. ते वाट चुकलेलं सगळ्यात शेवटी गेलं.

हजारांतलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात. मासे, पक्षी, खेकडे टपलेले असतात. मग मासेमारीची जाळी आहेत, प्लॅस्टिक आहे. सतरांतलं एकही कदाचित उरणार नाही, हे मी मुलांना तेव्हाच सांगितलं. लपवून काय उपयोग?

आणखी एक काळजीची गोष्ट. कासवांमध्ये नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं! साधारण २९-३० अंशांच्या वर वाळू राहिली तर माद्या जास्त, त्याखाली नर जास्त. वाळू फारच तापली तर पिल्लू अंड्यातच मरतं. अलीकडे आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्येच कसं होरपळतं ते तुम्ही बघताच. कुंपणावर सावलीसाठी जाळी बांधली होती. काका म्हणाले, पूर्वी अशी गरज पडायची नाही.

मोठी झालेली कासवं जातात कुठे, हेही आता थोडं थोडं कळू लागलंय. २५ जानेवारी २०२२ रोजी याच वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली 'बागेश्री' पार श्रीलंकेपर्यंत पोचली. आणि २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! नकाशा काढा आणि ओडिशाहून गुहागरपर्यंत समुद्रातून बोट फिरवून बघा.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. जायचं असेल तर कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. पिल्लं बघायला फेब्रुवारी ते एप्रिल बरा. आधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. मुलांना 'कासव नक्की दिसेल' असं कबूल करू नका, कारण तसं कबूल केलेल्या पालकांची तोंडं मी पाहिली आहेत. एक रात्र कमी पडते, दोन रात्री राहा. फोटो काढताना फ्लॅश नको. आणि घर आहे, हॉटेल नव्हे, तेव्हा जेवणाच्या वेळा घरच्या पाळा.

परतीच्या एसटीत तो मुलगा आणि मागच्या बाकावरचा तो, दोघं एकाच सीटवर बसले होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मंडणगडला उतरल्यावर त्या दुसऱ्याने आपला खाऊचा डबा त्याच्या पुढे केला एवढं दिसलं. नंतर 'अंडीचोर' मी तरी ऐकलं नाही.

पुढच्या हंगामात तो आजोबांना घेऊन वेळासला गेला. मीही गेले होते. ते कासवमित्र काका आणि आजोबा, दोघं पहाटे किनाऱ्याने पुढे चालत होते, तो मध्ये आणि मी मागे. एका जागी माग दिसला. काका वाकून वाळू चाचपायला लागले. आजोबा काठी टेकून थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले,

"तितं नाय. दोन हात वर बघ."

काकांनी दोन हात वर बघितलं. एकशे आठ अंडी निघाली. पाटीवर तारीख आणि आकडा लिहायचं काम त्या मुलाने केलं. 'आ'चा काना द्यायला तो अजूनही विसरतो, पण ते असू दे.